दुवा

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना अधूनमधून गमती होतात. नववीच्या वर्गात एकदा मी फळ्यावर ‘दुवा’ हा शब्द लिहिला आणि वाक्यात उपयोग करायला सांगितलं. एका मुलीनं लिहिलं, ‘दादीने मला दुवा दिला.’ मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘किस का दिया? यूट्यूब का?’ सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

खरं तर दोघंही बरोबर होते. मराठीत दुवा म्हणजे साखळीची कडी, दोन गोष्टी जोडणारा सांधा. इंटरनेट आल्यावर ‘लिंक’साठी मराठीनं हाच शब्द पुढे केला. मराठी विकिपीडियावर अनेक लेखांच्या तळाशी ‘बाह्य दुवे’ दिसतील. दुसरा दुवा आपल्या ‘दुआ’चा आहे. अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आणि मराठीत आलेला. गोरगरिबांचा दुवा घ्यावा, असं मराठी घरात आजही म्हणतात. म्हणजे ‘दुवा देणे’ याचा एक अर्थ एखाद्याचं भलं चिंतणं, आणि दुसरा अर्थ एखादी वाचनीय, पाहण्याजोगी गोष्ट त्याच्या हाती देणं.

दोन शब्दांची ही गाठ योगायोगानं पडलेली असली तरी मला ती खरी वाटते. चांगलं काही वाचलं, ऐकलं, पाहिलं की ते दुसऱ्याला सांगावंसं वाटतं, त्यामागे त्याचं भलं व्हावं हीच इच्छा असते. मीही त्याच इच्छेनं एकदा एक व्हिडिओ पुढे पाठवला होता. त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण या लेखाचं मूळ तिथे आहे.

जून २०१८

शाळा नुकतीच सुरू झाली होती. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी मला एक व्हिडिओ आला. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. सोबत मजकूर होता की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरतेय. मी तो गटात टाकला आणि खाली लिहिलं, ‘पालकांनी काळजी घ्यावी.’

थोड्या वेळानं एका विद्यार्थिनीच्या अम्मीनं विचारलं, ‘सर, ये कहाँ का है?’

मी उत्तर दिलं, ‘मालूम नहीं. आया था, तो भेज दिया.’

१ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मुलं पळवणारे, या संशयावरून. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून पोटासाठी, भिक्षा मागत तिथवर आले होते. त्याच दिवशी मालेगावातही एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं होतं. काही स्थानिक लोकांनी आणि पोलिसांनी मध्ये पडून त्यांना वाचवलं.

माझा व्हिडिओ राईनपाड्याला पोहोचला होता असं मला म्हणायचं नाही. पण त्या महिन्यात ज्या हवेनं माणसं मारली, त्या हवेत माझीही एक फुंकर होती.

पुढे कळलं की तो व्हिडिओ आपल्याकडचा नव्हताच. तो कराचीतला होता. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी तो बनवला होता. मूळ चित्रफितीत ते मोटरसायकलवाले परत येतात, मुलाला सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असं सांगणारा फलक कॅमेऱ्यापुढे धरतात. हा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. सावध राहायला शिकवणारी फिल्म शेवटचे काही क्षण छाटल्यावर माणसं मारायला शिकवणारी झाली.

मी गटात खुलासा टाकला. तोवर व्हिडिओ माझ्या गटातून कुठे कुठे गेला, हे मला माहीत नव्हतं आणि कळण्याचा मार्गही नव्हता. खुलासा मात्र गटातच राहिला. तो कुणी पुढे पाठवल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

त्या अम्मीचा प्रश्न डोक्यातून जाईना. ‘ये कहाँ का है?’ मी इतिहास वाचणारा माणूस. हा प्रश्न आपल्या परंपरेत किती जुना आहे, हे मला पाठ होतं. आणि ऐन वेळी मीच तो विसरलो होतो.

कुणाकडून ऐकलं?

मुस्लिम घरात वाढलेल्याला ‘सनद’ आणि ‘इस्नाद’ हे शब्द नवे नाहीत. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हदीस सांगताना नुसतं वचन सांगून भागत नसे. मी हे अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून, त्यानं अमुक सहाबीकडून, अशी नावांची साखळी आधी द्यावी लागे. मग त्या साखळीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी होई. तो कधी जन्मला, कुठे राहिला, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला भेटणं शक्य होतं का, स्मरणशक्ती कशी होती. या चौकशीतून माणसांच्या चरित्रांचं एक स्वतंत्र शास्त्रच उभं राहिलं. त्याला ‘इल्मुर्रिजाल’ म्हणतात.

यातली एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. माणूस नेक आहे, नमाजी आहे, खोटं बोलणारा नाही, एवढ्यावर त्याची साक्ष चालत नसे. त्याची स्मरणशक्ती कच्ची असेल, तो ऐकलेल्या गोष्टींची गल्लत करत असेल, तर त्याला ‘ज़ईफ़’ म्हणजे कमकुवत ठरवत. चांगुलपणा वेगळा आणि विश्वासार्हता वेगळी, हा भेद त्या लोकांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी केला होता. जून २०१८ मध्ये मी नेक होतो, पण ज़ईफ़ होतो.

ही पद्धत धर्मापुरती राहिली नाही. अबुल फरज इस्फहानी हा दहाव्या शतकातला लेखक. त्याचा ‘किताबुल अग़ानी’ म्हणजे गाण्यांचा ग्रंथ. गाणी, ती कुणी रचली, कुणी गायली, गायकांचे किस्से, दरबारातल्या गमती, असा तो प्रचंड पसारा आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर मनोरंजनाची पुरवणी. पण त्यातल्या किस्स्यांनाही तो साखळी देतो. एखाद्या गवयाची थट्टामस्करी सांगतानाही, ही मला कुणी सांगितली, त्याला कुणी, हे आधी येतं.

इतिहासकार तबरीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तो ९२३ मध्ये वारला. आपल्या इतिहासग्रंथाच्या सुरुवातीला तो वाचकाला सांगून ठेवतो की यातलं काही तुम्हाला पटलं नाही, विचित्र वाटलं, तर ते माझ्या पदरचं नाही. ज्यांनी ते आमच्यापर्यंत पोहोचवलं त्यांच्याकडून जसं आलं तसं मी दिलं आहे.

वाचताक्षणी वाटतं, अरे, हे तर आपलंच वाक्य. ‘आला तसा पाठवला.’ पण तबरी हे म्हणतो तेव्हा तो आणणाऱ्यांची नावं देतो. एकाच घटनेच्या दोन-तीन परस्परविरोधी हकिकती शेजारी शेजारी ठेवतो. वाचकाच्या हाती तपासायची सामग्री देऊन मग तो बाजूला होतो. आपण काहीच न देता बाजूला होतो.

या पद्धतीचं उगाच कौतुकही करायला नको. साखळ्याही बनावट तयार झाल्या. राजकारणासाठी, पंथासाठी, कधी पुण्याच्या हौसेपोटीही लोकांनी हदीस रचल्या आणि त्यांना खरी वाटणारी नावं जोडली. म्हणून तर १२०१ मध्ये वारलेल्या बगदादच्या इब्नुल जौज़ींना बनावट हदीसचा वेगळा संग्रहच करावा लागला. पण बनावट पकडता आली, ती नावं असल्यामुळेच. नाव असेल तर खोटं उघडं पाडायला जागा असते. नावच नसेल तर पकडणार कुणाला?

बगदादचा पुस्तकवाला

आता एका वेगळ्या माणसाकडे येऊ. चांगल्या गोष्टींचे दुवे देणारा इतिहासातला सगळ्यात मोठा माणूस कोण, असं मला विचारलं तर मी इब्न नदीमचं नाव घेईन.

हा बगदादचा ‘वर्राक’. वर्राक म्हणजे हस्तलिखितांच्या नकला करणारा आणि पुस्तकं विकणारा. कागद स्वस्त झाला होता, बगदादमध्ये पुस्तकांचा बाजार होता आणि नाना भाषांतून अरबीत भाषांतरं झाली होती. हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलेल्या या माणसानं हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ९८७ च्या सुमारास, ‘अल-फ़िहरिस्त’ लिहिला. अरबीत जेवढी पुस्तकं आपल्याला ठाऊक आहेत, त्या सगळ्यांची यादी. आपण आजही यादीला, अनुक्रमणिकेला ‘फ़ेहरिस्त’ म्हणतो, तोच हा शब्द.

दहा भागांच्या या यादीत काय नाही? पहिल्या भागात निरनिराळ्या लोकांच्या लिप्या, लेखण्या, कागद आणि धर्मग्रंथ. पुढे व्याकरण, इतिहास, काव्य, फ़िक़्ह. गणित, खगोल आणि वैद्यकाचा मोठा भाग, त्यात भारतीय वैद्यकाच्या भाषांतरित ग्रंथांच्या नोंदी, सुश्रुताचीसुद्धा. गायक आणि दरबारी विदूषक. किस्से-कहाण्या. आणि बुद्धिबळपटू! अल-अदली, अल-राज़ी, अल-सूली या नामांकित खेळाडूंनी शतरंजवर कोणती पुस्तकं लिहिली, हेही तो नोंदवतो. एवढंच नाही, ख़लीफ़ा मुतवक्किलपुढे अल-राज़ी आणि अल-अदली यांच्यात डाव रंगला होता, हेही सांगतो. माध्यमं, संस्कृती, खेळ आणि विज्ञान, सगळं एका यादीत.

त्याची दुवे देण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. कवीचं काव्य किती, हे तो पानांत सांगतो. पान म्हटलं तर किती ओळींचं धरायचं, हेही स्पष्ट करतो. म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धवट नक्कल देऊन कुणी फसवू नये. एखादी नोंद दुसऱ्याच्या हस्ताक्षरात पाहिली असेल तर ‘अमक्याच्या हस्ताक्षरात मी हे वाचलं’ असं लिहितो. स्वतःचं मतही लपवत नाही. अलिफ़ लैलाची पूर्वज मानली जाणारी ‘हज़ार अफ़सान’ आपण अनेकदा पूर्ण पाहिली आहे, हे तो सांगतो आणि ती आपल्याला रटाळ वाटली, हेही सांगतो. नावडलेल्या पुस्तकाची नोंद गाळत मात्र नाही.

त्यानं नोंदवलेल्या पुस्तकांपैकी फार मोठा भाग आज अस्तित्वात नाही. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं, आणि त्याच्या आधी-नंतरही आग, वाळवी, दुर्लक्ष यांनी आपलं काम केलं. कित्येक ग्रंथ होऊन गेले हे आपल्याला कळतं, ते केवळ फ़िहरिस्तमध्ये त्यांचं नाव आहे म्हणून. आजच्या भाषेत, ते दुवे मेले. तरी त्यानं लेखकाचं नाव, विषय आणि दोन ओळी लिहून ठेवल्यामुळे मेलेला दुवाही काही सांगतो.

हे मी जुनं म्हणून सांगत नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं त्यात आढळलं. बगदादला आग लागावी लागली. इथे आपोआप होतं. नुसता निळा दुवा टाकून खाली ‘मस्त आहे, वाचा’ असं लिहिणाऱ्याचं काय उरतं? दुवा मेला की ‘मस्त आहे’ एवढंच उरतं.

दोन गणिताचे मास्तर

आपल्या देशात छपाई रुजली तेव्हा हे दुवे देण्याचं काम कुणी केलं? मला दोन नावं शेजारी ठेवायला आवडतात. एक मुंबईचं, एक दिल्लीचं. दोघंही गणित शिकवणारे शिक्षक.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापणारं हे पत्र. मराठी वाचकाला शेजारच्या रकान्यात मूळ काय आहे ते दिसे आणि इंग्रजी वाचकाला मराठीत काय चाललंय ते. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं. त्यात विज्ञान, भूगोल, इतिहास असे विषय सोप्या मराठीत येऊ लागले. दिग्दर्शन म्हणजे दिशा दाखवणं. दुवा तेच करतो.

दिल्लीचे मास्टर रामचंद्र हे दिल्ली कॉलेजात उर्दूतून गणित आणि विज्ञान शिकवत. १८४५ मध्ये त्यांनी ‘फ़वाइदुन्नाज़िरीन’ हे उर्दू नियतकालिक सुरू केलं. नावाचा अर्थ, पाहणाऱ्यांच्या फायद्याच्या गोष्टी. पश्चिमेतले नवे शोध, विज्ञान, इतिहास, थोरांची चरित्रं त्यात येत. गणितावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुढे लंडनचे गणितज्ञ डी मॉर्गन यांनी पुढाकार घेऊन १८५९ मध्ये तिथे पुन्हा छापवला. म्हणजे दिल्लीच्या मास्तरांनी युरोपचे दुवे हिंदुस्थानाला दिले आणि डी मॉर्गननी मास्तरांचा दुवा युरोपला दिला.

उर्दू म्हटलं की लोकांना फक्त ग़ज़ल आठवते. मराठी म्हटलं की मुस्लिम समाजात अजूनही काहींना ती परकी वाटते. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही दोन नावं एकत्र सांगतो. दोन्ही भाषांच्या पाळण्यात विज्ञानाचा खुळखुळा होता, आणि तो मास्तरांनी बांधला होता.

अब्बांची वही

हीच रीत घराघरांतही होती. उर्दू घरांत ‘बयाज़’ असे, आवडलेले शेर उतरवून ठेवायची वही. अब्बांकडे एक जुनी हिशेबाची वही होती. तिच्यात शेर होते आणि वर्तमानपत्रांची कात्रणंही. १९७५ च्या हॉकी विश्वचषकाचं कात्रण, क्वालालंपूरला भारतानं पाकिस्तानला २-१ असं हरवलं ते. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल करणाऱ्या असलम शेर ख़ानचं धूसर छायाचित्र. एक पाकक्रिया. चंद्रावरच्या मातीबद्दल काहीतरी. प्रत्येक कात्रणाच्या खाली निळ्या शाईत पेपरचं नाव आणि तारीख.

त्या वहीत १९७९ मधलं स्कायलॅबचं एक कात्रण आहे. अमेरिकेची ती अंतराळ प्रयोगशाळा खाली येत होती आणि आपल्याकडे घबराट होती की ती आपल्याच डोक्यावर पडणार. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. अब्बांनी त्या भीतीच्या बातमीखाली दुसऱ्या शाईनं लिहून ठेवलंय, ‘ऑस्ट्रेलिया में गिरा. हम नाहक़ डरे.’

अब्बा जेमतेम सातवीपर्यंत शिकलेले. पण चुकीची निघालेली बातमी त्यांनी फाडली नाही, तिच्या शेजारीच दुरुस्ती लिहिली. ती वही कुणी वाचायला नेली तर बातमी आणि दुरुस्ती एकत्रच जात. माझा २०१८ चा खुलासा जिथे पोहोचला नाही, तिथे अब्बांचा पोहोचला असता.

इंटरनेटवरचे वर्राक

इंटरनेटची सुरुवातही अशाच माणसांनी झाली. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला. १९९१ मध्ये वेब बाहेरच्या जगासाठी खुलं झालं. या कल्पनेचा जीवच दुवा होता. एका कागदातून दुसऱ्या कागदाकडे, तो कुठल्याही देशात असो, बोट दाखवता यावं. सुरुवातीला शोधयंत्रं नव्हती. कुणीतरी बसून हातानं यादी करायची, ‘आज या नव्या गोष्टी आल्या.’ हे इब्न नदीमचंच काम.

१७ डिसेंबर १९९७ रोजी जॉर्न बार्जर या अमेरिकन माणसानं स्वतःच्या पानावर रोज वाचलेल्या गोष्टींचे दुवे टिपायला सुरुवात केली आणि त्याला ‘वेबलॉग’ म्हटलं. ‘ब्लॉग’ हा शब्द त्यातूनच आला. म्हणजे ब्लॉग जन्मला तो दुव्यांची वही म्हणून. त्याच बार्जरवर पुढे ज्यूविरोधी सुराबद्दल टीका झाली. हेही सांगायला हवं. दुवे निवडणाऱ्याची नजर निवडीत उतरते. पण पान त्याच्या नावाचं होतं, म्हणून लोकांना ती नजर ओळखता आली आणि तिच्याबद्दल त्याला जाब विचारता आला.

१९९८ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डेनिस डटन यांनी ‘आर्ट्स अँड लेटर्स डेली’ सुरू केलं. तीन रकाने, रोज मोजकेच दुवे. लेख, नवी पुस्तकं, मतं. प्रत्येक दुव्याआधी दोन-तीन वाक्यांत लेखाचं सार. जगाच्या एका कोपऱ्यातला मास्तर रोज सकाळी सांगे, हे वाचा, आणि का वाचा तेही सांगे. बाळशास्त्री आणि रामचंद्र यांच्या रांगेतला हा तिसरा मास्तर.

त्याच वर्षी गूगल ही कंपनी सुरू झाली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची मूळ युक्ती साधी होती. एका पानानं दुसऱ्या पानाचा दुवा देणं म्हणजे त्याच्या बाजूनं साक्ष देणं. आणि सगळ्या साक्षी सारख्या नाहीत. ज्याच्याकडे स्वतःकडेच खूप लोक बोट दाखवतात, त्याच्या साक्षीचं वजन जास्त. इल्मुर्रिजाल शिकलेल्या एखाद्या मौलवींना हे सांगून बघा. ते म्हणतील, यात नवीन काय?

साखळी कुठे तुटली?

मग बिघडलं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी.

एक, गोष्ट पुढे देण्याला लागणारी मेहनत संपली. वर्राक पूर्ण पुस्तक हातानं उतरवायचा. अब्बा कात्री, खळ आणि शाई घेऊन बसायचे. बार्जरला निदान पत्ता टिपून दोन शब्द लिहावे लागत. या मेहनतीत विचार करायला वेळ मिळे. ‘फॉरवर्ड’ला एक अंगठा पुरतो.

दोन, आणि हे जास्त गंभीर, दुवाच गायब झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण मूळ पान पाठवत नाही, मजकूर पाठवतो. घेणाऱ्याला फक्त शेवटचा माणूस दिसतो. त्याच्या आधीचा कोण, त्याच्या आधीचा कोण, हे कुणालाच दिसत नाही. साखळी असते, पण तिची शेवटची कडीच तेवढी आपल्या हातात. आणि ती कडी म्हणजे आपले मामू, आपल्या आपा, आपले सर. ओळखीच्या माणसाची सगळी विश्वासार्हता अनोळखी माणसाच्या खोट्याला मिळते. माझ्या गटातल्या पालकांनी तो व्हिडिओ कराचीचा म्हणून पाहिला नाही. सरांनी पाठवलेला म्हणून पाहिला.

राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच, व्हॉट्सअ‍ॅपनं पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी चिठ्ठी लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. त्यामुळे अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटला, असं कंपनीनं सांगितलं. चांगलंच आहे. पण ‘हा संदेश फिरत आलाय’ एवढंच ती चिठ्ठी सांगते. कुठून फिरत आलाय, हे सांगत नाही. ते विचारायचं काम आपलंच राहतं.

आणि मुस्लिम म्हणून हे आपल्याला जास्त कळायला हवं. अफवेचा मार कसा लागतो, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आपल्याबद्दलचा खोटा संदेश फिरला की आपण चिडतो, ‘तपासायला काय झालं होतं?’ असं विचारतो. तोच प्रश्न आपल्या अंगठ्याला विचारत नाही. एखाद्या दवाखान्याबद्दल, लसीबद्दल, दुसऱ्या पंथाबद्दल, भिक्षा मागणाऱ्या एखाद्या परक्या माणसाबद्दल आलेला संदेश आपणही तसाच सरकवतो. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या ख़बरेची खातरजमा करायची ताकीद आहे, ती फक्त दुसऱ्यांसाठी नाही.

आमच्या वर्गात आता मागच्या भिंतीवर एक फळा आहे. त्याचं नाव मुलांनीच ठेवलं, ‘आजचा दुवा’. रोज एक मूल काहीतरी आवडलेलं लिहितं. कधी चांद्रयान, कधी एखादा शेर, कधी क्रिकेट. अट तीन ओळींची. हे कुठून घेतलं, मी स्वतः ते पूर्ण वाचलं किंवा पाहिलं का, आणि तुम्हाला का सांगतोय. खाली स्वतःचं नाव. चूक निघाली तर पुसायचं नाही, खाली दुसऱ्या रंगाच्या खडूनं लिहायचं. हा नियम अब्बांच्या वहीतून घेतलाय.

‘किस का दिया? यूट्यूब का?’ विचारणाऱ्या त्याच मुलानं परवा फळ्यावर समुद्रातल्या एका माशाबद्दल लिहिलं. दुसऱ्या ओळीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘आधा ही देखा, सर. नेट ख़तम हो गया.’ वर्ग हसला. मी म्हटलं, राहू दे तसंच.